शिंपल्यावर शिंपला

कालवं बाजारात येतात ती सोललेली. डब्यात किंवा पातेल्यात, स्वतःच्याच खारट पाण्यात बसलेली, करडी-पांढरी, मऊ. मावशी वाटीनं मोजून देतात. आपण ती घरी नेऊन कांदा, कोकम, ओल्या खोबऱ्याचं वाटप घालून सुकं करतो, नाहीतर भातात घालतो. मुंबईच्या डिलाईल रोडवर गिरणीच्या निमित्तानं आलेली कितीतरी घरं मालवण, देवगड, राजापूर, रत्नागिरीकडची. त्यामुळे कालव म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण या सगळ्या देवघेवीत शिंपला कुठेच दिसत नाही. तो मागेच राहिलेला असतो, खडपावर, खाडीच्या काठाला नाहीतर उकिरड्यावर. तो यांपैकी नेमका कुठे राहिला यावर पुढच्या वर्षी कालवं मिळणार की नाही हे पुष्कळ अंशी ठरतं. जगभर कालवांच्या वस्त्या कशा उठल्या, मुंबईत आणि कोकणात त्यांचं काय झालं हे समजून घ्यायचं तर मांसापेक्षा त्या शिंपल्याकडे आधी पाहायला हवं.

कालवाचा जन्म पाण्यात होतो. नर-मादी आपापलं बीज सरळ समुद्रात सोडतात, तिथेच फलन होतं आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्लं दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर हिंडत राहतात. मग त्यांना एक इवला पाय फुटतो. या पायानं पिल्लू तळाशी सरपटत जागा चाचपून पाहतं. त्याला कडक पृष्ठभाग लागतो. चिखलावर, वाळूवर ते टिकत नाही. जागा पसंत पडली की डाव्या शिंपल्याखाली सिमेंटसारखा चिकट द्रव सोडून ते तिथे कायमचं डकवून घेतं. पाय नाहीसा होतो. यानंतर ते मरेपर्यंत एक सूतही हलत नाही.

जागा निवडताना पिल्लाची पहिली पसंती असते ती दुसऱ्या कालवाच्या शिंपल्याला. मोठ्या कालवांकडून पाण्यात उतरणाऱ्या रासायनिक खुणांकडे ती ओढली जातात. म्हणून कालवावर कालव बसतं, त्याच्यावर तिसरं. खालची मरतात, पण त्यांचे शिंपले पाया म्हणून तिथेच राहतात. बीडीडी चाळींनी मजल्यावर मजला चढवून जशी माणसं सामावली तशी ही वस्ती वर वाढत जाते. फरक इतकाच की इथे प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या पिढीच्या घराचाच पाया करते. हा ढीग चिखलाच्या पातळीच्या वर राहिला तर वरच्या कालवांना वाहतं पाणी आणि प्राणवायू मिळतो. तो खचला, पसरला की गाळ त्याला गिळतो, आणि शिंपल्यावर गाळाचा पातळ थर जरी बसला तरी नवं पिल्लू तिथे चिकटू शकत नाही.

कालव खातं कसं, तेही सांगायला हवं. ते कल्ल्यांतून पाणी खेचतं, त्यातलं सूक्ष्म वनस्पतिजीवन गाळून खातं, नको ते गोळ्या करून तळाशी टाकतं आणि पाणी बाहेर सोडतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असा हिशेब तिथे सांगतात. सगळ्या जातींना, सगळ्या ऋतूंना तो आकडा लागू नाही. तरी एका वस्तीत हजारो जीव धरले तर खाडीचं पाणी निवळ ठेवण्याचं केवढं काम फुकट होत असतं हे ध्यानात येईल. शिवाय त्या ढिगाच्या फटींमध्ये खेकडे, कोळंबी, लहान मासे, किडे आसरा घेतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल म्योबियस यांनी उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरच्या कालवांच्या पट्ट्यांचा अभ्यास करून १८७७ साली पुस्तक लिहिलं. तिथल्या कालवांचा धंदा वाढवता येईल का, हा सरकारचा प्रश्न होता. त्यांना दिसलं ते असं की कालवं एकटी जगत नाहीत. त्या पट्ट्यावरचे सगळे जीव परस्परांना बांधलेले असतात आणि त्यातला एक घटक ओरबाडला की सगळ्यांचा तोल जातो. ‘जीवसमुदाय’ ही आज शाळेच्या पुस्तकात असलेली कल्पना एका कालवांच्या पट्ट्यावर उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे सगळं मुंबईच्या कालवाबाबत कुणी पाहिलं का? पाहिलं, आणि तेही फार बारकाईनं. १९३१ साली इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स या मालिकेत तिसरा ग्रंथ निघाला तो ‘मुंबईचं कालव’ या विषयावर. लेखक होते रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्रा. पी. आर. अवटी आणि त्यांचे सहकारी एच. एस. राय. शंभराहून अधिक पानं एकाच प्राण्यावर. आज शास्त्रज्ञ ज्याला सॅकोस्ट्रिया कुकुलाटा म्हणतात ते आपलं खडपावरचं, करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं कालव. ते भरतीत बुडतं आणि ओहोटीला तासन्‌तास उन्हात उघडं पडतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळपास जातो, त्यामुळे वरळी, हाजी अली, वांद्रे, मलबार हिलच्या पायथ्याचे काळे खडक या कालवांना चांगले मानवतात. केळव्याच्या खाडीतल्या दुसऱ्या, मोठ्या जातीवर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्ही. एस. दुर्वे आणि डी. व्ही. बाळ यांनी काम केलं. या जातीचं नाव क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडीस. ती खडपापेक्षा खाडीत, गोडं-खारं पाणी मिसळतं तिथे वाढते आणि तिचे पुंजके होतात.

या दोन जातींमधला फरक पुढच्या गोष्टीला महत्त्वाचा आहे, कारण त्यांना काढायची रीत वेगळी आहे.

खडपावरची कालवं काढणाऱ्या बायका पाहिल्या असतील त्यांना माहीत आहे: कालव उपटत नाहीत. सुकती लागली की त्या खडपावर बसतात, टोकदार लोखंडी हत्यारानं वरचा शिंपला फोडतात, आतलं मांस टिपून डब्यात टाकतात आणि पुढे सरकतात. खालचा शिंपला दगडाला चिकटलेलाच राहतो. हे केवळ सोयीचं म्हणून होत असेल, पण त्याचा परिणाम असा की पुढच्या पिल्लांना बसायला तीच आवडती जागा शिल्लक राहते. पोटापुरतं आणि बाजारापुरतं काढणाऱ्या कोळीवाड्यातल्या आणि कोकणातल्या बायांनी शेकडो वर्षं खडपं मोडली नाहीत ती यामुळे. भांगाच्या दिवसांत पाणी पुरतं उतरत नाही, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणजे वर्षातल्या पुष्कळ दिवसांत खालच्या पट्ट्यातल्या कालवांना हात लागत नाही. ही सक्तीची विश्रांतीही त्यांच्या पथ्यावर पडली.

खाडीतल्या कालवांचं तसं नाही. तिथे पुंजकाच्या पुंजका उचलून आणतात, काठावर फोडतात, आणि शिंपला परत पाण्यात जात नाही. कोकणपट्टीत शिंपल्यांचा चुना भाजला जायचा. भिंतींना, विड्याच्या पानाला, बांधकामाला तो लागायचा. पुढे कोंबड्यांच्या खाद्यासाठीही शिंपल्याची भुकटी जाऊ लागली. चुना वाईट होता असं नाही. पण खाडीच्या दृष्टीनं पाहिलं तर मांसाबरोबर जमीनही उचलून नेली जात होती. मासळी संपली तर निदान पाणी तरी उरतं. कालवांचा ढीग उचलला की पुढची पिढी बसणार कशावर?

गोव्यात मांडवी-जुवारीच्या परिसरात या गोष्टीचा एक वेगळा अवतार पाहायला मिळतो. तिथल्या एका कालवाचे चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवत. काच महाग होती त्या काळात पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या खिडक्यांतून असाच मंद, दुधाळ उजेड यायचा. हे कालव खडकाला चिकटत नाही, ते चिखलावर आडवं पडून राहतं. काच स्वस्त झाली आणि खिडक्यांची मागणी गेली. पण मांसासाठी काढणं चालू राहिलं. चिखलीच्या उपसागरात त्यांची राजरोस उचल होताना पाहून गावातल्या लोकांनी आवाज उठवला. २००१ साली केंद्रानं या जातीला वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत घातलं. यादीत नाव आल्यानं चिखलातला जीव आपोआप वाचत नाही, हे चिखलीच्या लोकांनाही ठाऊक आहे. पण तक्रार करायला आधार मिळतो, आणि तो त्यांनी वापरला.

काढण्याबद्दल आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत काळजीची वाटते. कालवांच्या पुष्कळ जातींमध्ये, मुंबईचं कालवही त्यात आलं, जीव आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मोठं कालव म्हणजे बहुधा मादी, आणि मोठ्या मादीची अंडी लाखांच्या हिशेबात. आता बाजारात मागणी कशाला? मोठ्या, भरलेल्या कालवाला. निवडून निवडून मोठी काढत गेलं की खडपावर कालवं दिसत राहतात, पण अंडी घालणाऱ्या थोड्याच उरतात. वस्ती दिसायला भरलेली आणि आतून पोकळ होत चाललेली, असं काहीसं होतं. ही घसरण डोळ्यांना दिसेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात.

तरीही मुंबईत कालवांवर जे आलं ते कोळणीच्या टोपलीमुळे आलं असं मी मानत नाही. इथे दोष दुसरीकडे आहे, आणि तो शोधायला डिलाईल रोड ही बरीच सोयीची जागा आहे.

हा रस्ता ज्या सखल पट्ट्यात आहे तिथे एकेकाळी समुद्राचं पाणी आत येत असे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरती शिरायची आणि वरळी, परळ, माझगाव यांच्यामधला पट्टा खाजण व्हायचा. १७८४च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, समुद्र अडला आणि आतली दलदल हळूहळू भरून जमीन झाली. अशा खाजणाच्या कडेला चिखलात खुबे, मुळे आणि कडक जागा मिळेल तिथे कालवं असतात. म्हणजे गिरण्या, चाळी, लोअर परळचं स्टेशन, हे सगळं ज्या जमिनीवर उभं राहिलं ती भरतीच्या जिवांकडून घेतलेली जमीन. मुंबई घडली ती अशीच, त्यात पश्चात्ताप करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण भराव घालण्याची ती सवय पुढे सुटली नाही. माहीमच्या खाडीकाठची खारफुटी भरून १९७०च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुल वाढत गेलं आणि मिठी नदीचं तोंड आवळलं. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मिठी नदी सगळ्यांना आठवली. तोपर्यंत तिच्या मुखाशी असलेला माहीमचा उपसागर, जिथे कधीकाळी शिंपले आणि कालवं सर्रास काढली जायची, सांडपाण्याचा आणि गाळाचा साठा झाला होता.

सांडपाण्याचा मार्ग इथूनच जातो. लोअर परळच्या परिसरातलं मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्राकडे जातं आणि तिथून समुद्राखालच्या नळानं किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक आत सोडलं जातं. वांद्र्याहूनही असाच नळ आहे. किनाऱ्यालगत ओतण्यापेक्षा हे बरं, हे मान्य. पण फार काळ या पाण्यावर प्राथमिक चाळणीपलीकडे विशेष प्रक्रिया होत नव्हती, आणि नाल्यांमधून थेट जाणारं पाणी वेगळंच. त्यात चाळीतल्यांचं पाणी होतं तसंच टॉवरमधल्यांचंही. गिरण्यांच्या आवारात उभ्या राहिलेल्या इमारतींनी त्यात काही कमी भर घातलेली नाही.

मैलापाण्यानं कालव लगेच मरत नाही. हीच खरी अडचण. अतिशय घाणेरड्या पाण्यातही खडपावरचं कालव तग धरतं; मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या चौपायांवर ते चिकटलेलं दिसेल. पण गाळून खाणारा जीव पाण्यात जे असेल ते अंगात साठवतो. कालवाच्या शरीरात जस्त आणि तांबं सहज जमतं, कॅडमियमही जमतं. मैलापाण्यातले जंतू आणि विषाणू वेगळे. १९७५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी सुचवलं की किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिणाणे आणि कालवं नियमित तपासली तर समुद्र किती बिघडला याचा जगभराचा नकाशा तयार होईल. अनेक देशांनी ते केलं. आपल्याकडे मात्र शहराच्या किनाऱ्यावरचं कालव जिवंत आहे पण खाण्याजोगं राहिलं नाही, अशी अवस्था येऊन ठेपली. जो बाजार खडपावरच्या बायांना रोख पैसा देत होता तो अशानं आटतो. आज शहरात मिळणाऱ्या कालवांविषयी जाणती गिऱ्हाइकं आधी विचारतात, कुठली? रायगड, रत्नागिरीची म्हटलं की घेतात.

न्यूयॉर्कमध्ये हेच घडलं, आपल्याआधी. तिथल्या बंदरात कालवांचे पट्टे सव्वादोन लाख एकरांच्या आसपास पसरले होते असं म्हणतात. गरिबाचं खाणं म्हणून ती हातगाडीवर मिळायची. शिंपले जाळून चुना झाला, भराव झाला. मग मैलापाणी आणि विषमज्वर आले आणि १९२७ साली शेवटचा पट्टाही काढणीसाठी बंद झाला. चेसापीक उपसागरात तर १८८०च्या दशकात लोखंडी दात्यांच्या जाळ्यांनी तळ खरवडून विक्रमी काढणी झाली. आज तिथे जुन्या साठ्याच्या एक-दोन टक्केच कालवं असावीत असा अंदाज आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की जगातल्या कालवांच्या भित्तींपैकी सुमारे ८५ टक्के नाहीशा झाल्या आहेत. प्रवाळांच्या भित्तींबद्दल इतकं बोललं जातं, कालवांबद्दल कुणी बोलत नाही.

हा भेद मुंबईतही दिसला. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीजवळचे प्रवाळ परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवण्यात आले, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच खडकावरचं कालव कुठल्याच यादीत नाही. वरळी कोळीवाड्यातल्या लोकांनी कोर्टात सांगितलं की हा किनारा आमचं शेत आहे. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं प्रकल्पाची किनारा-परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली आणि काम पुढे गेलं. मार्च २०२४पासून रस्ता टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. त्याआधीच, २०१७पासून, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटानं सामान्य मुंबईकरांना ओहोटीला खडपांवर नेऊन तिथले जीव दाखवायला, नोंदवायला सुरुवात केली होती. ही नोंद झाली नसती तर खडक ओसाडच होते असं म्हणणं सोपं गेलं असतं.

कोकणात धोका निराळा आहे. तिथलं पाणी अजून बऱ्याच ठिकाणी चांगलं आहे. पण खाड्यांमधून यंत्रानं वाळू उपसली जाते, तळ खरवडला जातो, उडालेला गाळ कालवांवर, तिसऱ्यांवर बसतो. काही ठिकाणी मोठ्या-लहानाचा विचार न करता काढणी होते, कारण आता गिऱ्हाईक गावच्या बाजारात नाही, हॉटेलात आहे, आणि पर्यटकांना कालवं वर्षभर हवी असतात. इथे मात्र काढणाऱ्यांशीच बोलायला हवं, आणि त्यांच्यावर बंदी लादून काही साधणार नाही. याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्या १९९०च्या दशकात निर्यातीच्या मागणीखाली झपाट्यानं घटल्या. तिथल्या मच्छीमारांनी शास्त्रज्ञांबरोबर बसून ठरवलं: विणीचे तीन महिने, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद; जाळ्याचे डोळे मोठे; बारीक माल निर्यातीला नाही. साठा सावरला. २०१४ साली या मासेमारीला टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच.

सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं झालेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पात बचत गटांच्या बायकांना कालवं आणि शिणाणे पाळायला शिकवलं गेलं. तंत्र साधं आहे: खाडीत बांबूची किंवा लाकडाची मांडणी उभारायची आणि त्यावर रिकामे शिंपले दोरीला ओवून लोंबकळत सोडायचे. पाण्यातली पिल्लं येऊन चिकटतात. खाऊ घालावं लागत नाही, पाणी त्यांना पोसतं. केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेनं तुतिकोरीनला १९७०च्या दशकापासून ही पद्धत बसवत आणली. फेकून दिलेला शिंपला इथे पुन्हा कामाला येतो, आणि मला त्यात सगळ्यांत महत्त्वाचं हेच वाटतं. न्यूयॉर्कमध्ये २०१४पासून एक संस्था हॉटेलांमधले रिकामे शिंपले गोळा करून उन्हात वर्षभर वाळवते आणि पिल्लांसकट बंदरात परत नेऊन ठेवते. मालवण, रत्नागिरीच्या हॉटेलांमागे साठणारे शिंपले खाडीत परत नेणं याहून अवघड नाही. एक टेम्पो, एक ग्रामपंचायत आणि खाडीतली जागा ठरवून देणारा जाणकार इतकंच लागेल.

मुंबईसाठी प्रश्न पाण्याचा आहे आणि उत्तर सिमेंट-लोखंडाचं आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी शहरातल्या सात नव्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं: वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप. मिळून दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची त्यांची क्षमता असेल. ती पूर्ण क्षमतेनं चालू लागली तर पाणी खरंच सुधारलं का, हे सांगणारे साक्षीदार वरळी आणि हाजी अलीच्या खडपांवर आधीच चिकटून बसलेले आहेत. दर पावसाळ्यानंतर ठरावीक चौकोनात नवी किती पिल्लं बसली ते मोजायचं, मोठी किती आणि लहान किती ते लिहायचं, दर तिमाहीला मांसातले जंतू आणि धातू तपासायचे. १९३१च्या ग्रंथात या जिवाचं शरीर आणि जीवनक्रम तपशिलात दिलेलाच आहे. वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ओहोटीला खडपावर बसून मोठं आणि लहान कालव नजरेनं ओळखणाऱ्या बाया वरळी कोळीवाड्यात आहेत. या कामाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, आणि तपासणीचा निकाल मराठीत, कोळीवाड्याच्या फळ्यावर, दर वेळी लागला पाहिजे.